पिवळ्या दारवालीचा पहिला नंबर

जगातली सर्वांत श्रेष्ठ रॉक रेकॉर्ड कोणती, हा प्रश्न जबलपूरच्या गढा मोहल्ल्यात, आमच्या घराच्या पुढच्या खोलीत, कायमचा निकालात निघालेला आहे. लंडन-अमेरिकेला तसं कळवायचं राहून गेलं, हा दोष माझा नाही. त्यांनी विचारलंच नाही.

पुण्याकडची मंडळी हे ऐकलं की हसतात. 'जबलपूरला मराठी माणसं असतात?' हा त्यांचा पहिला प्रश्न, आणि 'ती रॉक ऐकतात?' हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मी देत नाही (समोर उभा आहे तो काय वऱ्हाडी भूत आहे?). राज्यांची वाटणी झाली तेव्हा नागपूर तिकडे महाराष्ट्रात गेलं, आम्ही इकडे राहिलो; आम्हाला कोणी विचारलं नाही, आम्हीही कोणाला विचारायला गेलो नाही. तेव्हापासून आमच्याकडे स्वयंपाकघरात मराठी, दारात हिंदी आणि पुढच्या खोलीत इंग्रजी रेकॉर्डी अशी व्यवस्था आहे. त्या रेकॉर्डींतला एक शब्द आम्हाला कळत नसे. म्हणूनच तर आमचा निकाल इतका निर्मळ! शब्द कळणारे लोक शब्दांना भुलतात.

आमचं मंडळ चौघांचं. एक मी. दुसरा माझा जिवलग दोस्त बब्बू, ज्याच्या वडिलांचं मिठाईचं दुकान होतं. बाकीचे दोघे मतदार होते; ज्याने गरम समोसे आणले, त्याच्या बाजूने हात वर करत. रेकॉर्डी बब्बूने मिळवल्या होत्या. छावणीच्या बाजूला राहणारं एक अँग्लो-इंडियन कुटुंब ऑस्ट्रेलियाला कायमचं निघालं होतं. निरोपाच्या पार्टीला त्यांना खव्याची जिलबी हवी होती. बब्बूने परात भरून जिलबी दिली आणि पेटी भरून रॉक आणलं. जागतिक व्यापारात इतका सरळ सौदा दुसरा झालेला नाही.

आता, त्या रेकॉर्डींच्या खोळींवरची अक्षरं अशी काढलेली, की जणू मेणबत्ती वितळून वाहत चालली आहे. मी बी.ए. झालेला, सरकारी कचेरीत इंग्रजी मसुदे लिहिणारा माणूस. पण मला ती वाचता येईनात. तेव्हा आम्ही चित्रावरून नावं ठेवली. एक जहाजवाली, एक उलट्या छत्रीवाली, एक तीन बकऱ्यांवाली. आणि एक पिवळ्या दारवाली!

नंबर लावायची आमची पद्धत नागपंचमीच्या कुस्त्यांच्या दंगलीची. दोन रेकॉर्डींची जोड लावायची. दोघींची एकेक बाजू ऐकायची. मग भांडायचं. जी चीत झाली ती पेटीत, जी उरली ती पुढच्या फेरीत. जहाजवाली पहिल्याच फेरीत बुडाली. इतकी रडकी, की बब्बू उठून उभा राहिला, म्हणाला, "काए बड्डे, कोई मर गया क्या?" (जबलपुरात दोस्ताला 'बड्डे' म्हणतात.) उलट्या छत्रीवालीने चांगली झुंज दिली, पण अखेर मैदान मारलं ते पिवळ्या दारवालीनेच.

कारण तो आवाज! अहाहा! विहिरीच्या तळाशी बसून एखादा ऋषी ब्रह्मांडाला जाब विचारतोय, असा खर्ज! खोळीच्या मागे चौघांचा फोटो होता. चौघांचे केस कमरेपर्यंत. त्यात एक आडदांड, दाढीवाला. हा आवाज त्याचाच, यात आम्हाला तिळमात्र शंका नव्हती. आम्ही त्याला 'दाढीबुवा' म्हणत असू. फोटोच्या कोपऱ्यात फुलाफुलांची टोपी घातलेली एक बारीकशी बाई होती. ती दाढीबुवांची बायको असणार, हेही ठरलं. नवऱ्याच्या फोटोत बायको कोपऱ्यात उभी राहते, हे आम्हाला घरातल्या सगळ्या फोटोंवरून पक्कं माहीत होतं.

माझे बाबा शाळामास्तर. जगात कशालाही त्यांनी पैकीच्या पैकी मार्क दिले नव्हते. तेसुद्धा एकदा वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणाले, "हा गडी पहाटे उठून रियाज करतो."

यापेक्षा मोठा पुरस्कार दाढीबुवांना मिळाला असेल असं मला वाटत नाही.

आणि अशात माझ्यासाठी शहराच्या दुसऱ्या टोकाचं, अधारतालचं स्थळ आलं.

मुलगी शैला. वडील नाना, रेल्वेतून नुकतेच निवृत्त झालेले. रविवारी दुपारी आम्ही बघायला गेलो. बाबा, आई, मी आणि बापूकाका. बापूकाका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, बिनलग्नाचे, आमच्यातच राहणारे. त्यामुळे इतरांची लग्नं जुळवण्यात त्यांचा हात कोणी धरत नसे.

नानांच्या बैठकीत शिरल्याशिरल्या मला दिसलं ते त्यांचं रेकॉर्डचं मशीन. तिवईवर, क्रोशाच्या झालरीखाली, अगदी देवासारखं बसवलेलं. नाना ते स्वतः पुसत, घरच्यांखेरीज कोणाला हात लावू देत नसत, हे त्यांनी आम्ही बसायच्या आत सांगितलं. मुलीची माहिती नंतर दिली.

पोहे आले. पोह्यांमागून शैला आली. रिवाजाप्रमाणे मी तिच्या पायांच्या बोटांकडे बघत बसलो. बापूकाकांनी परीक्षा सुरू केली.

"स्वयंपाक येतो?"

"येतो."

"अच्छा. आणि छंद वगैरे?"

"गाणी ऐकते."

"वा, वा! भक्तिगीतं?"

"नाही. इंग्रजी. रॉक."

आईचा चमचा बशी आणि तोंड यांच्या मधोमध थांबला. मी मान वर केली. समोरची मुलगी बापूकाकांकडे अशी बघत होती, की पुढचा प्रश्न काय असेल तो असो, उत्तर आपल्याकडे तयार आहे. मी तोंड उघडलं. लोक बायकोशी पहिलं वाक्य बोलतात ते 'आपलं नाव काय?' असं. माझं पहिलं वाक्य असं:

"पहिला नंबर कोणाचा?"

ती लाजली वगैरे नाही. "जहाजाचं चित्र आहे तिचा."

"जहाजवाली?" मी जागच्या जागी उडालो. "ती तर पहिल्या फेरीत गेली!"

"कोणाच्या फेरीत?"

"आमच्या. गढ्याच्या."

"गढ्याला कोणी विचारलं होतं?"

झालं! मी खलास. त्या क्षणी मी ठरवलं, की लग्न करीन तर याच मुलीशी, नाही तं नर्मदेच्या काठी कुटी बांधून राहीन. अख्ख्या जबलपुरात माझ्याशी या विषयावर भांडू शकेल अशी मुलगी एकच, आणि ती मला दाखवायला खुद्द तिचे आईवडील पोहे घेऊन बसलेले! मला फक्त गप्प बसायचं होतं. एवढंच. गप्प बसलो असतो तर चहाच्या आत सुपारी फुटली असती.

मी म्हणालो, "आणि पिवळ्या दारवाली?"

"ती चौथी."

"चौथी! काहून?"

"गाणं चांगलं आहे, पण ती बाई फार धावते. मध्ये श्वास घेत नाही."

"कोण बाई?"

"गाणारी बाई."

मी हसलो. अगदी मोठ्या मनाने हसलो, अडाणी माणसाला समजावताना हसतात तसा. "अहो, ती फुलांच्या टोपीवाली ना? ती त्याची बायको! फोटो काढायला उभी केली असेल. गाणारा तो दाढीवाला."

"दाढीवाला ड्रम वाजवतो," शैला म्हणाली, आणि सरळ उठून रेकॉर्ड काढून लावली.

पिवळं दार उघडलं आणि आतून एक बाई धावत बाहेर आली. काय सांगू! दोन्ही हातांत पिशव्या, पदर खोचलेला, सुटलेल्या गाडीमागे फलाटावरून पळत सुटलेली बाई जशी हमालाला ओरडते, तशी गात होती! मागून ड्रमवाला तिला पकडायला धावतोय, गिटारवाला दोघांच्या पायात येतोय. दोन मिनिटांत एक गाणं संपलंसुद्धा.

बाबांनी विचारलं, "हे काय होतं?"

बापूकाका म्हणाले, "पहिला नंबर." आणि तोंडात पोहे भरून घेतले, कारण हसू येत होतं.

एखाद्या शहाण्या मुलाने इथे हात जोडले असते. 'चूक झाली, बाईच आहे' म्हटलं असतं, मुलगी खूश, सासरा खूश. पण मी गढ्याचा! पुढच्या खोलीत चौघांनी मिळून दिलेला निकाल मी अधारतालच्या एका झालरीपुढे असा टाकून देऊ?

"तुमचं मशीन पळून राहिलं आहे," मी म्हणालो.

आईने माझ्या मांडीला असा चिमटा काढला, की त्याचा वळ साखरपुड्यापर्यंत टिकला असता (साखरपुडा आता कुठला व्हायला!). नाना मात्र शांत होते. रागीट माणूस फार शांत झाला की समजावं, पाणी डोक्यावरून गेलं.

"काय म्हणालात, जावईबापू?" त्यांनी विचारलं. हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच वापरला होता आणि तो परत घ्यायच्या आवाजात वापरला होता.

"बिघडलं आहे, नाना. जोरात फिरतं."

नाना उठले. कपाटातून त्यांनी एक जुनी रेकॉर्ड काढली, छातीशी धरली. "हे आमचे भजनीबुवा. माझ्या आईच्या वेळेपासून ऐकतो आहे. माझा स्वतःचा आवाज मला एक वेळ ओळखू येणार नाही, पण यांचा आवाज येईल." त्यांनी ती लावली. बुवांनी खणखणीत आवाजात देवाला हाक मारली. नानांनी डोळे मिटले, मान डोलावली, मग डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. "बोला. हेही पळून राहिले का?"

"हो," मी म्हणालो. "बुवापण घाईत आहेत. कुठेतरी दुसरं भजन असेल."

बाबांनी रिकामी बशी तोंडासमोर धरली आणि तिच्यातली शेंगदाण्याची शेवटची साल अभ्यासायला सुरुवात केली.

"उठा!" नाना गरजले. "सगळे उठा! तुमच्या घरी मशीन आहे ना? चला. ऐकू आपण."

"अहो," शैलाच्या आई कळवळल्या, "मुलगी बघायचा कार्यक्रम आहे हा! खटला नाही!"

"मुलगी पुढच्या रविवारीही हीच राहील," नाना म्हणाले. "आधी मशीनचा निकाल लागू दे."

अशी आमची वरात निघाली. मुहूर्ताआधीच! पहिल्या सायकलरिक्षात नाना, मांडीवर भजनीबुवा. दुसऱ्यात शैला आणि तिची आई, शैलाच्या मांडीवर पिवळं दार आणि खाली जहाज. तिसऱ्यात बाबा-आई, एकमेकांशी न बोलता. चौथ्यात मी आणि बापूकाका. अधारतालच्या दुकानांतले लोक बाहेर येऊन बघू लागले. आमच्या रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं, "शादी है का, भैया?"

"थी," बापूकाका म्हणाले.

घरी बब्बू आणि दोन्ही मतदार नेहमीसारखे जमलेलेच होते. बब्बूने आज खास पेढे आणले होते. मुलगी पसंत झाली तर वाटायला, आणि नाही झाली तर खायला. दारात चार रिक्षा थांबल्या, त्यातून मुलीसकट मुलीचं घर उतरलं, हे बघून तो पेढ्यांचं खोकं उघडून पुढे धावला. मग त्याला शैलाच्या हातातली रेकॉर्ड दिसली.

"काए बड्डे," तो माझ्या कानात पुटपुटला, "लड़की देखने गए थे कि कुश्ती लड़ने?"

"बब्बू, मशीन लाव," मी म्हणालो. "इज्जतीचा सवाल आहे."

शैलाचीच रेकॉर्ड आम्ही आमच्या मशीनवर चढवली, म्हणजे बदलाबदलीचा आरोप नको. सुई टेकली. आणि खोलीत दाढीबुवा अवतरले! तोच खर्ज, तीच विहीर, तोच ऋषी. ब्रह्मांड निरुत्तर. मतदारांनी माना खाली घातल्या. बब्बूने कानाच्या पाळीला हात लावला. मी शैलाकडे बघितलं. अगदी विजयी मुद्रेने. ती रेकॉर्डकडे नव्हे, तिच्याखाली फिरणाऱ्या मशीनच्या तबकडीकडे बघत होती आणि ओठ दाबून काहीतरी मोजत होती.

नानांचा चेहरा पांढरा पडला.  त्यांनी स्वतःच्या हाताने भजनीबुवा लावले.

आता, मी कट्टर माणूस असलो तरी खोटा नाही. जे झालं ते सांगतो. ज्या बुवांनी अधारतालात देवाला खणखणीत हाक मारून उठवलं होतं, ते गढ्यात देवाला मांडीवर घेऊन थोपटू लागले. टाळ वाजायचा, मग विचार करायचा, मग पुन्हा वाजायचा. एकेक शब्द जिना चढून वर यायचा आणि धाप टाकत बसायचा.

नाना मटकन खुर्चीत बसले. "बुवांना... बुवांना काय झालं हो?"

"काही नाही झालं," आई मोठ्या अभिमानाने म्हणाली. "आमच्याकडे सगळे असेच गातात. किती शांत वाटतं! मला तं दुपारी यावरच झोप लागते."

शैला पुढे झाली. कोणाला न विचारता तिने रेकॉर्ड उचलली, खालची रबरी चटई उचलली, तबकडी उचलली, आणि मशीनच्या पोटात डोकावली. आत एक बारीकशी पितळी फिरकी झळकत होती. मोटरच्या दांड्यावर बसते ती. तिच्याच जोरावर तबकडी फिरते. अशी झळकत होती, की शैलाच्या नाकावर कवडसा पडला.

"ही फिरकी कोणी बसवली?"

"मी!" बापूकाका एकदम पुढे आले. हा प्रश्न कोणीतरी विचारावा म्हणून ते कित्येक वर्षं थांबले होते. "मूळची झिजली होती. काळी, कुरूप. दुकानदार म्हणाला, मुंबईहून मागवावी लागेल. म्हटलं, मुंबई कशाला? आपला सराफा मेला काय? छेदीलाल सोनाराकडून घडवून आणली. बावनकशी काम!"

"माप देऊन?"

"अगदी माप देऊन! त्याने तंतोतंत तेवढीच करून दिली. पण चमक नव्हती हो. म्हटलं, घास. त्याने घासली. म्हटलं, अजून घास. नथीतल्या मोत्यासारखी दिसली पाहिजे. तो म्हणू लागला, 'बाबूजी, अब और घिसूँगा तो कुछ बचेगा नहीं.' म्हटलं, तू घास बे! आपल्या घरचं काम आहे, ऐरंगैरं नाही."

"पण ती आत असते," शैला म्हणाली. "कोणाला दिसत नाही."

"आज दिसली का नाही?"

शैलाने फिरकीवरून नख फिरवलं. "काका," ती म्हणाली, "घासून घासून ती बारीक झाली. फिरकी बारीक झाली की तबकडी हळू फिरते."

"दागिना आहे तो!" बापूकाका चिडले. "दागिना नाजूकच पाहिजे!"

 म्हणजे इतकी वर्षं, इतक्या फेऱ्या, इतकी भांडणं, इतके समोसे, सगळं एका घासलेल्या फिरकीवर! बब्बू हळूच पेटीवर टेकला.

"तो फिर वो दाढ़ीवाला?"

"ड्रम वाजवतो," मी कसंबसं म्हणालो.

"और... वो टोपीवाली भाभीजी?"

"गाती हैं."

बब्बूने डोकं धरलं. एका मतदाराने त्याला पेढा भरवला.

नाना उठले. त्यांच्या चेहऱ्यावर मोठेपणा आला होता, जिंकलेल्या माणसाला परवडतो तेवढा. "चला, निकाल लागला," ते माझ्याकडे वळून म्हणाले. "चूक कोणाकडूनही होते. मधुकरराव, एवढं म्हणा, की अधारतालचं मशीन बरोबर आणि गढ्याचा नंबर चूक. मग आपण पुढचं बोलू."

बघा! दार सताड उघडं होतं. एक वाक्य. आई डोळ्यांनी विनवत होती. बाबांनी मास्तरकीच्या आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या मुलाला ओठ हलवून उत्तर सांगितलं: 'म्हण, म्हण.' आणि शैला माझ्याकडे बघत होती.

मी उभा राहिलो. "मशीनचं बोलाल तर मान्य. तुमचं बरोबर," मी म्हणालो. "नंबर बदलणार नाही!"

"काय?"

"आम्ही जे ऐकलं, त्याला नंबर दिला. तुमच्या पिवळ्या दारवाल्या जगात लाखो असतील, नाना. सगळ्या सारख्या, सगळ्या धावणाऱ्या. ही आमची अशी एकच आहे! लंडनला नाही, अमेरिकेला नाही, खुद्द त्या बाईनेसुद्धा ऐकली नसेल! सावकाश गायलं की बाईचा ऋषी होतो, हा काय आमचा गुन्हा आहे? एवढा खर्ज त्या बाईच्या पोटात होता, आणि तो बाहेर काढला कोणी? गढ्याने! पहिला नंबर पिवळ्या दारवालीचा, आणि तोही गढ्याच्या पिवळ्या दारवालीचा. ज्याला पटत नसेल त्याने खुशाल अधारतालला जावं!"

"हओ!" मंडळ एकमुखाने गरजलं.

"चल, शैला," नाना म्हणाले. "हा मुलगा नाही, ओरखडा पडलेली रेकॉर्ड आहे."

आईने पदर डोळ्यांना लावला. "पितळेच्या फिरकीपायी पोराचं लग्न मोडलं हो! लोकांचं हुंड्यावरून मोडतं, पत्रिकेवरून मोडतं..."

"वहिनी, रडू नका," बापूकाका म्हणाले. "उद्याच सराफ्यात जातो. जाड करून आणतो. सोन्याचा मुलामाही देतो."

"फिरकीला हात लावायचा नाही!" मी ओरडलो. (बायको चालली होती, आणि मी पितळ वाचवत होतो.)

नाना दारापर्यंत गेले. शैलाच्या आई उठल्या. शैला उठली नाही.

"बाबा, एक मिनिट," ती म्हणाली. "यावर जहाजवाली लावायची आहे."

"आता काहून?"

"ऐकायची आहे."

तिने स्वतःच लावली. आमच्याकडे पहिल्या फेरीत बुडालेली ती रडकी जहाजवाली पुन्हा सुरू झाली आणि रडत रडत पुढे सरकू लागली. नाना दारात एक पाय आत, एक बाहेर ठेवून ताटकळले. रिक्षावाले आत डोकावून गेले. शैला गुडघ्यांना मिठी घालून मशीनपाशी बसली होती. अर्ध्यावर तिने एकदम बोट वर केलं.

"ऐका. मागे बासरी आहे."

आम्ही ऐकलं. खरंच होती. त्या सगळ्या रडारडीच्या मागे, फार लांब, पलीकडच्या काठावर कोणी वाजवावी तशी, कोणालाही न सांगता कोणीतरी बासरी वाजवत होतं.

"आमच्याकडे ही कधीच ऐकू आली नाही," ती म्हणाली. "इतकी वर्षं माझा पहिला नंबर, आणि मला माहीतच नाही. पळून जाते ना."

(मलाही कधी ऐकू आली नव्हती. पण हे मी बोललो नाही. त्या दिवशीचं माझं एवढंच शहाणपण!)

बाजू संपली. शैला उठली, साडी झटकली. "बाबा, आपल्याकडे जेवढ्या रेकॉर्डी आहेत, तेवढ्या सगळ्या इथे पुन्हा नव्या आहेत."

"म्हणजे?" नानांना काही कळेना.

"म्हणजे सगळ्या परत ऐकाव्या लागतील. सगळे नंबर परत लावावे लागतील. वेळ लागेल. बरीच वर्षं."

तिच्या आईच्या मात्र बरोबर लक्षात आलं. बायकांच्या येतं. "अगं, पण मुलगा कसा वाटला ते सांग ना!"

शैलाने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. एखादी चांगली वस्तू घेताना तिच्याखालची तिवई निदान डगमगत नाही ना, हे जसं बघून घेतात, तसं.

"मशीन चांगलं आहे," ती म्हणाली.

"म्हणजे होकार!" आई किंचाळली. बब्बूने पेढ्यांचं खोकं उघडलं. त्यात दोनच उरले होते, मतदारांनी दुःखात बाकीचे संपवले होते. ते दोन नानांच्या आणि बाबांच्या तोंडात कोंबून सोयरीक पक्की झाली. नानांनी अट घातली, की त्यांच्या भजनीबुवांना पुन्हा कधी गढ्यात आणायचं नाही. शैलाने अट घातली, की फिरकी बदलायची नाही. मला काही अट आहे का, हे कोणी विचारलं नाही.

त्या सोयरिकीला आता पुष्कळ वर्षं झाली. पिवळ्या दारवाली अजून पहिलीच आहे. शैला म्हणते पहिली जहाजवाली, आणि तीही गढ्याची. आम्ही दर रविवारी भांडतो. मी एक इंचही मागे हटलेलो नाही, आणि हटणारही नाही! नातेवाईक म्हणतात, 'अरे, तिने तुला कुठे पसंत केलं? मशीनला पसंत केलं!' म्हणू देत! मी छाती काढून सांगतो, हो, मशीनलाच केलं! एका पोरीने अख्ख्या अधारतालकडे पाठ फिरवून गढ्यात यावं, असं मशीन तुमच्यापैकी कोणाकडे होतं?

माझ्याकडेही नव्हतं, म्हणा. मशीन बापूकाकांचं. आमचं लग्न झाल्यावर त्यांनी शेजारच्या गल्लीत वेगळी खोली घेतली आणि ते घेऊन गेले. शैला दर रविवारी तिकडे जाते. मलाही नेते. एवढ्या रेकॉर्डी उचलायला कोणीतरी लागतंच.